चौदा बोल्ट आणि खरेदी समिती

ज्या माणसाने सत्तावीस वर्षं सरकारी भांडार सांभाळलं, त्याला बोल्ट कसा निवडावा हे कुणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. आता ते थोडं कमी स्पष्ट आहे. पण अभिमान कमी झालेला नाही. उलट वाढला आहे, आणि तो का वाढला हे सांगण्यासाठीच हा लिहिण्याचा खटाटोप.

मी एका शासकीय खात्यात भांडार अधीक्षक आहे. खातं कुठलं ते सांगत नाही, नाहीतर लोक खुर्च्या मागायला येतात. झाडूपासून जनरेटरपर्यंत लागेल ती वस्तू मी खरेदी केली आहे आणि माझ्या कारकिर्दीत एकाही वस्तूवर आक्षेप टिकलेला नाही. एका ऑडिटर साहेबांनी तीन दिवस शोधून शेवटी एका नोंदीची शाई निळी आहे असा मुद्दा काढला होता. तोही मी लेखी उत्तराने परतवला. त्या उत्तराची प्रत माझ्याकडे घरी आहे. कुणाला बघायची असेल तर दाखवतो. सहसा कुणी म्हणत नाही.

माझी सासुरवाडी कळमेश्वरच्या पुढे, खैरीला. तिकडे जावयाचा मान फार मोठा. जावयाने पाण्याचा पेला स्वतः उचलला तरी घरात धावपळ होते. सव्वीस वर्षांत मी त्या घरात एकही काम केलेलं नाही. एकदा अंगणात पडलेलं संत्रं उचलायला वाकलो, तर दोन माणसं धावत आली आणि मला बाजेवर नेऊन बसवलं. हा मान बाहेरून बघायला छान असतो. आतून मात्र असं वाटत राहतं, की या माणसाला काही येत नाही हे सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, मान्य करून टाकलं आहे.

यंदा पोळ्याला तिथे जेवायला बसलो असताना माझा साळा अंकित म्हणाला, "जीपले भंगारवाला घेऊन जाते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. वाडीचा हाये, बोलणं झालं."

ती जीप डिझेलची, तीस वर्षांची. मार्चपासून इंजिन बिघडून गोठ्याशेजारी उभी होती. अंकितचं चूक नव्हतं; त्याच्याकडे नवी गाडी आहे आणि जीपने जागा अडवलेली होती. पण दर दसऱ्याला माझ्या सासूबाई, बायजाबाई, त्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गावच्या शिवेपर्यंत जाऊन येतात. आधी सासरे चालवायचे, ते गेल्यावर अंकित. सीमोल्लंघन म्हणजे सासूबाईंच्या लेखी हेच. अंकितचं बोलणं ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "नेऊ दे बाप्पा. उभ्या गाडीले काय पाहाचं." आणि आत निघून गेल्या. माझ्या पुरणपोळीवर तुपाची दुसरी धार घालायची राहून गेली. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांना किती लागलं हे मला त्या कोरड्या पोळीवरून समजलं.

मी घास ठेवला आणि म्हणालो, "कुणी नेणार नाही. दसऱ्याला जीप चालू होईल. मी करून देतो."

"भाऊजी, तुम्ही?" अंकित म्हणाला. त्यातला 'तुम्ही' त्याने इतका लांबवला, की तेवढ्यात माझी कोशिंबीर संपली. माझी बायको गोपिका माझ्याकडे पाहत होती. दूध उतू जायला लागलं की ती असंच पाहते.

जीप दोर बांधून शहराच्या टोकाला, वाडीला आणली. तिथे अमरावती रोडवर, गोदामांच्या मागे, नत्थूजींचं गॅरेज आहे. ट्रकवाल्यांमध्ये त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. नत्थूजींनी महिनाभरात सगळं इंजिन उघडलं, घासलं, नवे भाग टाकले. दसऱ्याला बारा दिवस उरले असताना त्यांचा फोन आला.

"साहेब, सारं झालं. फक्त हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवाचं राहिलं. त्याचे चौदा बोल्ट नवे लागतात. जुने तानले गेले, ते परत लावाचे नसतात. मी आणू का?"

एवढा वेळ मी नुसता हप्त्याहप्त्याने गॅरेजला जाऊन इंजिनाकडे बघून मान हलवत होतो. आता माझ्या क्षेत्रातली गोष्ट आली होती. मी म्हणालो, "नत्थूजी, खरेदी माझ्याकडे."

"बरं," ते म्हणाले. "जुना एक नमुन्याले नेजा. तसाच आणजा, बाकी काई नोको."

नमुना हा शब्द ऐकून मला जे वाटलं ते भांडारात काम न केलेल्या माणसाला कळणार नाही. खरेदीचा प्राण नमुन्यात असतो. आमच्याकडे एकदा एका पुरवठादाराने मंजूर झालेला झाडू हळूच उचलून त्या जागी भलताच झाडू ठेवला आणि पुढे तीनशे झाडू त्या भलत्यासारखे आले. तेव्हापासून मी ठरवलं, की नमुना मोहोरबंद केल्याशिवाय माझ्या हातून बाहेर जाणार नाही. सुतळी, चिठ्ठी, चिठ्ठीवर सह्या आणि लाखेची मोहोर. या नियमात मी आजवर सवलत दिलेली नाही, मग बोल्ट स्वतःच्या सासुरवाडीचा असला म्हणून काय झालं.

ऑफिसची पितळी मोहोर ही शासकीय मालमत्ता, ती घरी आणणं नियमात बसत नाही. म्हणून गोपिकाच्या चकलीच्या सोऱ्यातली चांदणीची चकती घेतली. मेणबत्तीवर लाख वितळवली. आता लावायची कुठे, यावर मी बराच विचार केला. आट्यांवर लावली तर बोल्ट नटात फिरवून पाहता येणार नाही. दांड्यावर लावली तर जाडी मोजता येणार नाही. उरलं डोकं. बोल्टाच्या डोक्यावर मोहोरेसाठीच केल्यासारखी छान सपाट जागा असते. तिथे काहीतरी बारीक खरडल्यासारखं दिसत होतं, पण जुन्या वस्तूवर काही ना काही खरडलेलं असतंच. मी त्यावर लाखेचा जाड थेंब सोडला आणि चांदणी दाबली. मोहोर इतकी सुंदर उठली की मी तिचा फोटो काढून ठेवला.

"माह्या सोऱ्याची चकती धुऊन ठेवजा," गोपिका म्हणाली. कौतुक एवढंच.

मग खरेदी समिती नेमली. एकट्याने खरेदी करायची नसते. पुढे काही झालं तर एकटा माणूस सापडतो. समितीवर आमच्या समोरचे रामाजी, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, आणि शेजारच्या इंदुताई, ज्यांनी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. मी स्वतः सदस्य सचिव. पहिली बैठक आमच्या व्हरांड्यात झाली आणि तिला गोपिकाने आलुबोंडे केले, त्यामुळे उपस्थिती पूर्ण होती.

रामाजींनी बोल्ट तळहातावर झेलून पाहिला. "लोखंडात जिंदगी गेली माही," ते म्हणाले. "वजन बरोबर आहे. असाच पायजे, पण याच्याहून भारी." इंदुताईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "हा तर गंजला आहे. गंजणारी वस्तू पुन्हा कशाला घ्यायची? स्टेनलेस स्टीलचे घ्या. माझं सिंक बारा वर्षं झाली, एक डाग नाही." हा मुद्दा सर्वांना पटला. स्टेनलेस स्टील, चकचकीत, न गंजणारे, नग चौदा, असं मी इतिवृत्तात लिहून घेतलं.

त्या वेळी सासूबाई आमच्याकडेच होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि काळा चष्मा लावून त्या दिवाणावर बसून राहायच्या. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "जवाईबापू, माह्या विहिरीवरच्या इंजिनाच्या बोल्टावर आकडे राहत. डोक्यावर. त्या लाखेखाली काय हाये ते तं पाहा."

त्यांना मी अत्यंत आदराने समजावलं, की आई, एकदा मोहोर लागली की ती मधेच तोडता येत नाही; तोडली तर नमुना रद्द होतो. त्या म्हणाल्या, "मंग लावलीच काहून?" याचं उत्तर नियमात असतं, पण त्यांना नियमाची सवय नाही. शिवाय त्या समितीच्या सदस्य नसल्यामुळे त्यांचं मत इतिवृत्तात घेता येत नव्हतं. ते मी घेतलं नाही. हे वाक्य लिहिताना आज माझे कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी मी इतवारीच्या बाजारात, लोखंडी सामानाच्या लोहाओळीला गेलो. एका बाजूने टेम्पो, दुसऱ्या बाजूने हातगाड्या आणि मधून मी, हातात चांदणीची मोहोर लावलेला बोल्ट घेऊन. लोक वळून बघत होते. पहिल्या दुकानात गोलूशेठ म्हणून एक तरुण मालक होता. त्याने बोल्ट उलटासुलटा केला. "काकाजी, ये लाख हटाओ. नंबर देखना पडेगा." मी म्हणालो, मोहोर तोडता येणार नाही. "फिर भगवान से पूछो," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. अशा असभ्य माणसाकडून खरेदी न करण्याचा अधिकार सदस्य सचिवाला असतो.

दुसरं दुकान रीना नावाच्या एका बाईंचं होतं. वडिलांनंतर त्या दुकान बघतात. फार शांतपणे बोलल्या. "काका, हेडचे बोल्ट आहेत ना? त्याच्या डोक्यावर आकडा राहते. किती जोर सहन करते ते त्याच्यावरून समजते. आकडा सांगा, मी लगेच काढून देतो." मी म्हणालो, "नमुन्यावर दिसत नसलेली माहिती मला विचारात घेता येत नाही." त्यांनी मोहोरेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "पण ते दिसून नाही राहिलं, कारण तुम्हीच झाकलं." मी त्यांना धन्यवाद देऊन बाहेर पडलो. वाद घालणाऱ्या पुरवठादाराशी चर्चा करू नये, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलेलं आहे.

तिसऱ्या दुकानदाराने काहीही विचारलं नाही. स्टेनलेसचे चौदा हवेत म्हटल्यावर त्याने चौदा काढून दिले. थोडे लांब होते, पण "दोन दोन वायसर टाका, बसते बरोबर," असं त्याने स्वतःहून सांगितलं. मला तो माणूस आवडला. घरी आल्यावर बोल्ट समितीपुढे ताटात ठेवले. इंदुताईंनी एकात स्वतःचा चेहरा पाहिला. ठराव एकमताने मंजूर झाला, तिघांच्या सह्या झाल्या.

वाडीला पिशवी उघडून दाखवली तेव्हा नत्थूजींनी एक बोल्ट उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "साहेब, हे तं जिन्याच्या रेलिंगचे बोल्ट दिसून राहिले."

मी इतिवृत्त पुढे केलं. त्यांनी ते वाचलं, सह्या पाहिल्या, आणि परत माझ्या हातात दिलं. "मी नाई लावत," ते म्हणाले. "तुमची गाडी, तुमच्या सह्या. तुम्हाले लावाचे तं लावा. पाना देतो."

आता मागे फिरणं म्हणजे तिघांच्या सह्यांचा अपमान होता. आजूबाजूला पाच-सहा ट्रकवाले चहा पीत बसले होते, तेही सरसावून बसले. नत्थूजींनी मला टॉर्क पाना दिला. या पान्यावर जोराचा आकडा लावता येतो. तेवढा जोर झाला की पाना टक् असा वाजतो आणि आपण थांबायचं. हेडसाठी अकरा लागतो, पण एकदम नाही, तीन फेऱ्यांत. पहिली फेरी चारची. टक्, टक्, चौदा वेळा. माझ्या हाताला काय छान वाटलं म्हणून सांगू. दुसरी फेरी आठची. एकदोन बोल्ट जरा जास्त फिरले, पण वाजले. मी ट्रकवाल्यांकडे एक नजर टाकून घेतली. मग अकरा लावला.

पहिला बोल्ट फिरला. आणखी फिरला. वाजेना. मी म्हणालो, "बघा नत्थूजी, किती मऊ जातोय." नत्थूजी म्हणाले, "हो. मऊच जाते तो." मला ते कौतुक वाटलं, म्हणून मी दोन्ही हातांनी जोर लावला. त्याच क्षणी आवाज आला, पण तो टक् असा नव्हता. बोल्टाचं चकचकीत डोकं पान्यात माझ्या हाती राहिलं, मी मागे ऑइलच्या टबात बसलो, आणि बाकीचा बोल्ट इंजिनात राहून गेला.

कुणी हसलं नाही. ट्रकवाले हसले असते तर बरं झालं असतं. त्यातल्या एकाने आपला चहा मला दिला. हा अपमान मी आयुष्यात विसरणार नाही, चहा चांगला होता तरी.

हेड पुन्हा उतरवावं लागलं, त्याखालचं गॅस्केट वाया गेलं, आणि आत अडकलेला तुकडा काढायला नत्थूजींनी त्याच्यावर एक नट वेल्ड करून अर्धा दिवस घालवला. बाकीचे तेरा बोल्ट काढून पाहिले तर त्यांची मान बारीक झालेली होती. दसऱ्याला तीन दिवस उरले होते. जाताना नत्थूजी म्हणाले, "परवा सकाळपर्यंत बरोबर बोल्ट आले तं होते. नाई आले तं अंकितभाऊले मीच फोन करतो, तुम्ही नोका करू." ते सांगताना ते माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते, इतकी त्यांना माझी लाज वाटत होती.

घरी आलो. पँटवर मागे ऑइलचा गोल डाग. सासूबाई दिवाणावर तशाच बसलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. डोकं तुटलं, गॅस्केट गेलं, तीन दिवस उरले. वाटलं, आता म्हणतील, मी सांगितलं होतं. त्यांनी उशीखालून आपला सुपारीचा अडकित्ता काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी बसून राहिलो. सत्तावीस वर्षांत स्वतःची मोहोर मी स्वतः कधी तोडलेली नाही. तेवढ्यात बातमी ऐकून रामाजी आणि इंदुताईही आले होते, त्यामुळे गणपूर्ती झाली होती, तीही सबब उरली नाही.

अडकित्त्याने चांदणी उडाली, पण खालची लाख निघेना. शेवटी गोपिकाने बोल्ट सांडशीत धरून गॅसवर धरला, लाख पाघळली, तिने जुन्या फडक्याने डोकं पुसलं आणि मला वाचायला दिलं. स्वच्छ, कोरीव अक्षरांत लिहिलेलं होतं: १०.९.

मला जे वाटलं ते सरळच सांगतो. मला शरम वाटली. रीनाबाईंनी सांगितलं होतं, गोलूशेठने सांगितलं होतं, सासूबाईंनी सगळ्यात आधी सांगितलं होतं, आणि ज्याला आपण खात्रीचा नमुना म्हणून गावभर मिरवला, त्याच्यावरचं एकमेव उपयोगाचं वाक्य आपणच झाकून ठेवलं होतं.

रामाजींनी लगेच मोबाईलवर काहीतरी पाहिलं. "अजून एक राहते, बारा पॉइंट नऊ. मोठा आकडा आहे. घ्याचाच आहे तं मोठा घ्या ना." इंदुताई म्हणाल्या, "हो, बळकटीला बळकटी." दोघांनी माझ्याकडे पाहिलं, मी पेन उघडावं म्हणून.

"एकदा घेतला होता मी," सासूबाई म्हणाल्या. "विहिरीवरच्या इंजिनाले. म्हटलं लय कडक हाये, टिकन. पंधरा दिवसात गेला तुटून. आधी तानला नाई, वाकला नाई, सीधा तुटला. इंजिन बनवणाऱ्यानं जो देल्ला तोच लावाचा. त्याले आपल्याहून जास्त समजते."

विहिरीवरचं ते इंजिन सासूबाईंच्याच हातचं होतं. सासऱ्यांना कचेऱ्या आणि मोजणीची कामं जमत, इंजिन मात्र ह्याच चालवायच्या. मला हे सव्वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण जावयाला कुणी कामाचं काही सांगतच नाही. मी पेन उघडलं आणि इतिवृत्ताच्या शेवटी लिहिलं, की समितीचं काम संपलं असून समिती आज रोजी विसर्जित करण्यात येत आहे. रामाजी म्हणाले, "मग आलुबोंडे?" गोपिकाने त्यांना उरलेला चिवडा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इतवारीला निघालो, तर सासूबाई पदर खोचून दारात उभ्या. गोपिका म्हणाली, "आई, डोळ्यात धूळ जाईन." "चष्मा हाये ना वं," त्या म्हणाल्या आणि ऑटोत जाऊन बसल्या. रीनाबाईंनी मला ओळखलं. आधी त्यांची नजर बोल्टाकडे गेली, डोकं स्वच्छ दिसलं, आणि त्यांनी स्टूल पुढे केलं. मोठ्या मनाची बाई.

त्यांनी दहा-नऊचा डबा काढला. सासूबाईंनी एक नवा बोल्ट उचलला आणि जुन्याशेजारी धरला, एकाचे आटे दुसऱ्याच्या आट्यांत. मग त्यावरून नख फिरवलं. "हे पाहा जवाईबापू. सुरुवातीले बसतात, आन् इथून पुढे बसत नाई. जुना तानला." मी नख फिरवलं. खरंच, मधेच एक पायरी चुकल्यासारखं लागलं. त्यांनी लांबी पाहिली, आट्यांच्या वरचा गुळगुळीत दांडा किती आहे ते बोटाने मोजलं. रीनाबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही मेकॅनिक होत्या काय?" "नाई वं बाई. शेतकरी."

बोल्ट बरोबर होते, पण मोजले तर बारा. दोन कमी.

"या मापाचे एवढेच आहेत," रीनाबाई म्हणाल्या. "मागवले तं पाच दिवस लागतात. चौदा असायले पाहिजे होते खरं, पण माल इकडचा तिकडे होते. मी दोनदा पाहिलं, नाही आहे."

सासूबाईंनी हातातला बोल्ट डब्यात परत ठेवला. पुरणपोळीच्या दिवशी 'नेऊ दे बाप्पा' म्हणताना होता तोच चेहरा. आणि माझ्या आतून असं काही उसळलं, की मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

इथे मला थोडं ज्ञान सांगावंच लागेल, कारण ते माझं स्वतःचं आहे आणि कुणी मला ते कधी विचारलेलं नाही. भांडारात वस्तू हरवत नाही. जिथे तिला कुणी शोधणार नाही तिथे ती असते. जी वस्तू दोनच उरते, तिला कुणी वेगळा डबा देत नाही. घाईत असलेला माणूस ती हाताजवळच्या डब्यात टाकतो, "मग पाहू" म्हणून. पण हाताजवळचा डबा म्हणजे बाजूचा नाही. माणूस शिडीवर असतो, एका हाताने शिडी धरलेली असते, म्हणून डबा मोकळ्या हाताच्या बाजूचा आणि खांद्याच्या खालचा. मी रीनाबाईंना विचारलं, "वरचा माल काढायला कोण चढतं?" त्या म्हणाल्या, "मीच." "डावखुऱ्या का?" त्या चकित होऊन म्हणाल्या, "हो."

मी मागच्या गोदामात गेलो. शिडी लावली आणि दहा-नऊच्या डब्याच्या जागेपासून डाव्या बाजूचे, खालच्या दोन फळ्यांवरचे डबे एकेक उतरवायला लागलो. पांढरा शर्ट काळा झाला, एक पाल अंगावरून गेली, दोनदा शिंका येऊन शिडी हलली. एकोणीस डबे झाले. विसाव्या डब्यावर लिहिलं होतं, ट्रॅक्टरच्या पिना. पिनांच्या तळाशी, कागदात गुंडाळलेले, दोन बोल्ट होते. डोक्यावर १०.९. शिडीवरच मी ते तीनदा वाचलं.

बाहेर येऊन सासूबाईंच्या हातात दिले. त्यांनी नख फिरवलं. "हेच," म्हणाल्या. रीनाबाई म्हणाल्या, "काका, रिटायर झाल्यावर इकडे या." त्या वाक्याची लेखी प्रत मिळाली असती तर मी ती त्या ऑडिटरच्या उत्तराच्या वर ठेवली असती.

वाडीला नत्थूजींनी चौदाही बोल्ट उलटेपालटे करून पाहिले आणि मला पाना दिला. "लावा साहेब." मी म्हणालो, तुम्हीच लावा. "नाई. आता लावा." चार, आठ, अकरा. शेवटच्या फेरीत प्रत्येक बोल्ट थोडा फिरला, घट्ट झाला आणि बरोबर अकरावर टक् वाजला. चौदाव्या 'टक्'नंतर कोपऱ्यातला एक ट्रकवाला म्हणाला, "हो गया." इंजिन तिसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. मी पाना पुसून परत द्यायला गेलो, तर नत्थूजी म्हणाले, "राहू द्या तुमच्याजवळ, दसरा झाल्यावर आणून देजा."

दसऱ्याला सकाळी जीप खैरीच्या अंगणात उभी होती. अंकितने तिच्याभोवती दोन चकरा मारल्या, मग बाजूला जाऊन भंगारवाल्याला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. परत येऊन म्हणाला, "भाऊजी, आवाज पाहा ना कसा झाला. पहिले असा नव्हता." सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या. त्याने त्यांना शिवेपर्यंत नेलं, आपट्याची पानं घेऊन परत आणलं. मी मागे बसलो होतो आणि सगळा रस्ता फक्त इंजिन ऐकत होतो.

घरी पाहुणे भरले होते. धाकटे जावई पुण्याहून आलेले, त्यांना बाजेवर गादी घालून बसवलं होतं. माझ्यासाठीही शेजारी दुसरी गादी घातलेली होती. मी बसायला निघालो, तेवढ्यात अंगणातून सासूबाईंची हाक आली.

"ए गा, पाना आन. इंजिन गार झालं, बोल्ट पुन्हा आवळा लागतात."

त्या अंकितला हाक मारताहेत असं वाटून मी मागे वळून पाहिलं. अंकित स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे पाहत होता. सासूबाई जीपचं बॉनेट एका हाताने वर धरून उभ्या होत्या. काळ्या चष्म्याचं तोंड माझ्याकडे. "तुलेच म्हणून राहिलो ना. ये लवकर, हात दुखून राहिला माहा."

गादीवरचे धाकटे जावई उठायला लागले. "तुम्ही बसा जी," सासूबाई त्यांना म्हणाल्या, "तुम्हाले नाई येत."

मी पाना घेऊन गेलो. मधल्यापासून सुरू करून बाहेरच्यापर्यंत, त्या बोट ठेवत गेल्या आणि मी आवळत गेलो. तीन बोल्ट जरा सैलावले होते. चौदाही अकरावर वाजले. तोवर आत सगळ्या पाहुण्यांचा चहा झाला होता. त्या घरात पहिला कप नेहमी माझ्याकडे येतो, बशीसकट. त्या दिवशी सगळ्यांचा झाल्यावर गोपिकाने दोन स्टीलचे ग्लास आणून जीपच्या मडगार्डवर ठेवले, एक तिच्या आईचा, एक माझा. हात ऑइलने भरलेले होते. मी शर्टालाच पुसले, ग्लास उचलला आणि उभ्यानेच प्यायलो.